परदेशी शिक्षण आणि स्वयंसेवा : लाभ मोठा, मात्र नियमांचे भान आवश्यक

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या गेल्या दोन दशकांत झपाट्याने वाढली आहे. अमेरिकेतील 'ओपन डोअर्स' अहवालानुसार २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात त्या देशात ३ लाख ६३ हजार १९ भारतीय विद्यार्थी होते. २०२३-२४ मध्ये भारताने या यादीत चीनला मागे टाकले आणि पुढील वर्षीही ते स्थान कायम राखले. प्रवेश, शुल्क, व्हिसा आणि शैक्षणिक कर्ज यांची चर्चा घरोघरी होते. तेथे पोहोचल्यावर अभ्यासाबाहेरचा वेळ कसा घालवावा, या प्रश्नाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते.

हा वेळ अर्थार्जनासाठी वापरण्यावर कायद्याची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये पदवी व त्यावरील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना सत्र सुरू असताना साधारणपणे आठवड्याला २० तास काम करता येते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून ही मर्यादा पंधरवड्याला ४८ तास आहे. उरलेल्या वेळेत स्वयंसेवेचा मार्ग खुला असतो. अन्नपेढी, धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकाने, वृद्धांसाठीचे उपक्रम किंवा विद्यार्थी संघटनांचे कार्यक्रम येथे अशा मदतनिसांची गरज भासते.

या कामाचा पहिला लाभ भाषेचा. इंग्रजीच्या प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यालाही स्थानिक उच्चार आणि बोलण्याची ढब आरंभी परकी वाटते. वर्गातील व्याख्याने ऐकून ही अडचण दूर होत नाही. दुकानात आलेल्या आजीबाईंशी चार वाक्ये बोलल्याने होऊ शकते. दुसरा लाभ ओळखींचा. नोकरीसाठी अर्ज करताना त्या देशातील व्यक्तीचा संदर्भ अनेकदा मागितला जातो. नवख्या विद्यार्थ्याला तो देऊ शकणारी व्यक्ती अशा कामातूनच भेटण्याचा संभव अधिक असतो. तिसरा लाभ मनाचा. मायदेशापासून दूर, एकाच भाषेच्या चार मित्रांत आणि भाड्याच्या खोलीत दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याला आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव एकाकीपणातून बाहेर काढते.

२०२० मधील करोना टाळेबंदीत याची दुसरी बाजूही दिसून आली. मेलबर्नमध्ये अर्धवेळ रोजगार गमावलेल्या परदेशी विद्यार्थ्यांपर्यंत 'सिख व्हॉलंटिअर्स ऑस्ट्रेलिया' यांसारख्या संस्थांनी विनामूल्य जेवण पोहोचविले. स्वयंसेवी जाळ्याशी जोडलेल्या विद्यार्थ्याला अशा प्रसंगी मदत कोठे मागावी, हे आधीच ठाऊक असते.

तथापि, बिनपगारी काम म्हणजे स्वयंसेवा, हा समज धोक्याचा आहे. ब्रिटनच्या नियमांत या दोहोंत स्पष्ट भेद केलेला आहे. धर्मादाय, स्वयंसेवी अथवा सार्वजनिक संस्थेला कोणत्याही कराराविना, पगारी कर्मचाऱ्याची जागा न घेता केलेली मदत ही स्वयंसेवा ठरते आणि ती २० तासांत मोजली जात नाही. ठरलेल्या वेळी हजर राहण्याचे व नेमून दिलेले काम करण्याचे कराराचे बंधन असल्यास मात्र ते वेतनाविना केलेले कामच मानले जाते आणि त्याचे तास मोजले जातात. अमेरिकेतही ज्या कामाला एरवी पगार दिला जातो, ते फुकट केल्याने स्वयंसेवा ठरत नाही. अनुभव मिळेल, या आमिषाने खासगी कंपनीत विनावेतन राबणारा विद्यार्थी पैशालाही मुकतो आणि व्हिसाही संकटात आणतो. लहान मुलांसोबतच्या कामासाठी पूर्वचारित्र्याची पडताळणी बहुधा आवश्यक असते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

कर्ज काढून शिकणाऱ्याला वेतनाचे तास सोडून सेवेकडे वळणे सोपे नाही, हा आक्षेप रास्त आहे. अभ्यासाचा बळी देऊन केलेली सेवाही हिताची नाही. मात्र आठवड्यातून दोन-तीन तास एवढीच मर्यादा ठेवली, तर हा भार पेलणे बहुतेकांना शक्य आहे.

भारतीय विद्यार्थ्याला ही कल्पना नवीन नाही. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने श्रमदान, रक्तदान आणि खेड्यांतील शिबिरे महाविद्यालयीन जीवनाचा भाग बनविली. दोन वर्षांत २४० तासांची सेवा ही त्या योजनेतील अपेक्षा आहे. मात्र अनेकांच्या दृष्टीने ती प्रमाणपत्रापुरतीच उरली. परदेशात त्याच सवयीचे मोल नव्याने कळते. जाण्यापूर्वीच्या मार्गदर्शनात व्हिसाच्या कागदपत्रांबरोबर स्वयंसेवेच्या संधी आणि तिचे नियम यांचीही माहिती दिली गेली, तर विद्यार्थी पदवीसोबत त्या समाजाची ओळखही घेऊन परततील.