आधी नळी लावा, मग गोळी लिहा

खांदेश्वर, कामोठे, नवीन पनवेल, कळंबोली इकडे कुत्रं-मांजर पाळणाऱ्यांसाठी ही पोस्ट आहे. न पाळणाऱ्यांनीही वाचावी, कारण गाडी शेवटी महापालिकेच्याच दारात जाऊन थांबते. लांब आहे. चहा घेऊन बसा.

मी डॉक्टर नाही. बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या घरी चिकू आहे, वय नऊ, पांढरा स्पिट्झ. आपल्याकडे सगळे त्याला पामेरियन म्हणतात, तो काही तक्रार करत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या तोंडाला वास यायला लागला म्हणून दात साफ करायला एका दवाखान्यात नेला. नाव लिहीत नाही, कारण भांडण एका दवाखान्याशी नाहीच. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "मर्मर आहे. हार्ट गेलंय याचं. भूल देता येणार नाही." पाच मिनिटांत चिठ्ठी हातात. एक पाणी काढायची गोळी, एक बीपीची, दोन्ही आयुष्यभर. एक्स-रे नाही, एको नाही, रक्त तपासणी नाही. मी विचारलं, "एको करायचा का?" उत्तर आलं, "काय करायचाय? ऐकू येतंय ना!"

चिकू त्या दिवशी सकाळी स्टेशनपर्यंत धावत गेला होता आणि धावत आला होता.

तरी मी गोळ्या दिल्या. हृदय म्हटलं की आपण वाद घालत नाही. बारा दिवस दिल्या. चिकू भांडंभर पाणी प्यायचा आणि घरभर मुतायचा. नऊ वर्षांत ज्याने कधी लादी खराब केली नाही, तो कोपऱ्यात उभा राहून आमच्याकडे अपराध्यासारखा बघायचा. बाराव्या दिवशी जेवण सोडलं. दुसरीकडे रक्त तपासलं तर अंगातलं पाणी कमी झालेलं आणि क्रिएटिनिन वर. मग गाडी करून मुंबईत एका हृदयतज्ज्ञ पशुवैद्यांकडे नेला. त्यांनी एक्स-रे काढला, बीपी घेतलं, अर्धा तास एको केला आणि आम्हाला पडद्यावर दाखवलं. डाव्या बाजूची झडप जाड झालीय, थोडं रक्त मागे गळतंय, हृदयाचा आकार अगदी जागेवर आहे. औषध शून्य. सहा-आठ महिन्यांनी परत दाखवा. आणि हो, नीट काळजी घेऊन भूल देता येईल, दात जरूर साफ करा.

बारा दिवस मी माझ्या धडधाकट कुत्र्याला विनाकारण औषध पाजलं. त्यानंतर जिथे मिळेल तिथे वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडलं. जे कळलं ते सांगतो.

मर्मर म्हणजे रोग नव्हे. मर्मर म्हणजे आवाज. लब-डबच्या मध्ये रक्त खळखळलं की येणारा. नळाचं पाणी सरळ वाहतं तेव्हा आवाज नसतो, तोटी अर्धी पिरगळली की येतो, तसंच. तो का आला हे नळीतून दर वेळी कळत नाही. म्हणूनच मर्मरला एक ते सहा अशी प्रत देतात. एक म्हणजे शांत खोलीत लक्ष देऊन ऐकलं तरच सापडेल अशी; सहा म्हणजे नळी छातीपासून जरा उचलली तरी ऐकू येईल अशी. प्रत कितवी, छातीच्या कुठल्या बाजूला, ठोक्याच्या कुठल्या भागात, एवढं तरी चिठ्ठीवर लिहायला हवं. माझ्या चिठ्ठीवर काय होतं? "हार्ट प्रॉब्लेम." बस.

लहान पिल्लांत बारीक मर्मर असते आणि चार-सहा महिन्यांचं होईपर्यंत बहुतेक वेळा आपोआप जाते. पण पिल्लाच्या छातीत मशीनसारखी अखंड घरघर ऐकू आली तर जन्माआधीची एक रक्तवाहिनी बंद व्हायची राहून गेलेली असू शकते. ती वेळेत बंद केली तर पिल्लू पूर्ण आयुष्य जगतं, दुर्लक्ष केलं तर बहुतेक वेळा फार जगत नाही. दोन्ही पिल्लं बाहेरून सारखीच खेळकर दिसतात. फरक नळी लावणाऱ्या कानाला कळतो. म्हणून पहिल्या लसीच्या वेळी छाती तपासायची असते. तुमच्या पिल्लाची तपासली होती का, आठवून बघा. टेबलावर ठेवलं, टोचलं, कार्डावर स्टिकर लावला, "पुढचा!" असंच ना?

चिकूसारख्या छोट्या जातींत वय झालं की झडप जाड होणं हा कुत्र्यांमधला सगळ्यात जास्त आढळणारा हृदयविकार. स्पिट्झ, डॅशहंड, शित्झू पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण त्यातही पायऱ्या आहेत. मर्मर आहे पण हृदय वाढलेलं नाही, ही एक पायरी. मर्मर आहे आणि हृदय वाढलंय, ही दुसरी. फुप्फुसात पाणी झालंय, ही तिसरी. २०१६ साली एपिक नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ३६० कुत्र्यांवर. दुसऱ्या पायरीवरच्या कुत्र्यांना पिमोबेंडान दिलं तर हृदय निकामी व्हायची वेळ साधारण पंधरा महिने पुढे गेली. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे किती, ते पाळणाऱ्याला विचारा. पण हे दुसऱ्या पायरीचं झालं. पहिल्या पायरीवर औषध द्या असं मार्गदर्शक तत्त्वं सांगत नाहीत, आणि पाणी काढायची गोळी तर पाणी झाल्यावरची. पहिली पायरी की दुसरी, हे कानाने ठरवता येत नाही, आकार मोजावा लागतो. म्हणजे एको, निदान नीट काढलेला एक्स-रे. "ऐकू येतंय ना" हे उत्तर म्हणूनच मला आजही झोंबतं. चुकीच्या कुत्र्याला औषध जातं, आणि ज्याला खरंच हवं त्याला "म्हातारा झालाय" म्हणून घरी पाठवतात. मी दोन्ही पाहिलंय.

आमच्या गेटवरच्या काळ्याचं वेगळंच. भटका, पण सगळ्या बिल्डिंगचा. पावसाळ्यात मलूल पडला. वर्गणी काढून नेला, तर त्यालाही मर्मर! पण त्या डॉक्टरांनी ओठ उचलून हिरड्या दाखवल्या. कागदासारख्या पांढऱ्या. गोचीड ताप. रक्त इतकं पातळ झालं होतं की खळखळत होतं. तापावर उपचार केले, रक्त भरलं, महिन्याभरात मर्मर गायब. हृदयाला काहीच झालेलं नव्हतं. आपल्याकडे पावसाळ्यात गोचिडांचा सुळसुळाट असतो हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मर्मर ऐकली की हिरड्या बघणं आणि रक्त तपासणं याला किती पैसे लागतात?

आता मांजर. इथे तर नळीने हात टेकले. विलायतेत आश्रयगृहांतली निरोगी दिसणारी ७८० मांजरं तपासली, २०१५ चा अभ्यास. दर दहातल्या चार मांजरांत मर्मर सापडली. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार मात्र साधारण पंधरा टक्क्यांत. म्हणजे मर्मर असलेल्या बऱ्याच मांजरांना हा आजार नसतो. आणि उलटही खरं, आजार असलेल्या कित्येक मांजरांत मर्मर ऐकूच येत नाही. म्हाताऱ्या मांजरात थायरॉईड आणि बीपीही बघावं लागतं. त्यात मांजर टेबलावर गुरगुरायला लागलं की काहीच ऐकू येत नाही. एक डॉक्टर नळ सोडतात, पाण्याच्या आवाजाने मांजर गप्प होतं. ही युक्ती बघून मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. एवढाच हवा असतो हो, दोन मिनिटांचा धीर.

समोरच्या बिल्डिंगमधल्या ताईंची मनी नसबंदीला नेली. आधी तपासणी नाही. ऑपरेशन झालं, सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी धापा टाकत गेली. चार वर्षांची होती. कशाने गेली हे कोणी शोधलं नाही, म्हणून मीही हृदयानेच गेली असं छातीठोक म्हणणार नाही. पण ताई अजून म्हणतात, "मीच नेली तिला." हे ओझं त्यांच्या डोक्यावर का असावं?

आता काही जण लिहितीलच, "माणसांना एको मिळत नाही आणि तुम्हाला कुत्र्याचा हवाय." बरोबर आहे, माणसांनाही मिळायला हवा. त्यासाठी मोर्चा काढा, मी पुढे चालतो. पण कुत्र्याचा एको रद्द केल्याने माणसाचा होत नाही. आणि दुसरी गोष्ट, इथे कुत्रा पाळणारे सगळे बंगलेवाले नाहीत. वन बीएचकेत राहणारी एकटी म्हातारी माणसं आहेत. मुलं परदेशात, घरात बोलायला तेवढं एक जनावर. त्यांना कोणी "हार्ट गेलंय" म्हणून पाठवतं तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय.

डॉक्टरांची बाजूही सांगतो, नाहीतर ही पोस्ट एकतर्फी होईल. एका डॉक्टरकडे संध्याकाळी पंधरा-वीस जनावरं, बाहेर भुंकाभुंकी, आणि आपण? "डॉक्टर, जरा लवकर, गाडी डबल पार्किंगला आहे." एक्स-रे सांगितला की आपल्याला वाटतं पैसे काढतोय. मीही असंच म्हणालोय पूर्वी. तपासणीला पैसे द्यायचे नाहीत आणि गोळी न घेता निघालो तर फुकट गेल्यासारखं वाटतं, मग गोळी लिहिली जाणारच. पण शिकलेल्या माणसाने "मला इथे कळत नाहीये, पुढे दाखवा" एवढं म्हणायला काय हरकत आहे? त्याने माझा विश्वास वाढला असता.

पुढे म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासून. तिथेच बाई साकरबाईंच्या नावाचं रुग्णालय, तेही त्याच दशकातलं. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांचं पाच मजली रुग्णालय सुरू झालं. चांगलं झालं. पण हे सगळं वाशीच्या पुलापलीकडे. लोकलच्या गर्दीत कुत्रं नेणं अवघड, रिक्षा तिकडे जात नाही, टॅक्सीवाला कुत्रं बघून काच वर करतो. धाप लागलेलं जनावर सायन-पनवेल रस्त्यावर दीड तास अडकवून न्यायचं. आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने? ते गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभारलेले, ती गरज खरीच आहे. इमारतीतल्या मांजराचा एको तिथे मागणं म्हणजे तलाठ्याकडे पासपोर्ट मागण्यासारखं.

आपल्या पत्त्यात नवी मुंबई, पण महापालिका पनवेलची, ऑक्टोबर २०१६ पासून. मालमत्ता कराच्या नोटिसा कशा पोचतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. विमानतळाचं उद्घाटनही ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, खांदेश्वरचे भाव वाढले, एजंट खूश. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण स्थानिक संस्थेच्या गळ्यात घातलंय. म्हणजे कुत्र्यांना भूल देण्याचं काम पालिकेच्या पैशातून होणारच आहे. मग तिथून सुरुवात करा. भूल देण्याआधी प्रत्येक कुत्र्याची छाती ऐकायची, हिरड्या बघायच्या आणि केसपेपरवर लिहायचं. मर्मर असेल तर प्रत आणि जागा. एक ओळ. याला ना टेंडर लागतं ना उद्घाटन.

पुढची मागणी थोडी खर्चाची. पालिकेने एक जागा द्यावी, एक एको मशीन आणि एक्स-रे ठेवावा, आणि आठवड्यातून एक दिवस हृदयाचं शिक्षण घेतलेला पशुवैद्य बोलवावा. फुकट मागत नाही. दर भिंतीवर लावा, आम्ही भरू. गेटवरच्या काळ्यासाठी वर्गणी काढू, आजवर काढलीच आहे. आणि खाजगी दवाखान्यांनी, पालिका काही करो न करो, लसीच्या कार्डावर एक रकाना वाढवावा: छाती ऐकली, होय किंवा नाही.

तोवर घरी एक करा. कुत्रं-मांजर गाढ झोपलं की एका मिनिटात पोट किती वेळा वर-खाली होतं ते मोजा. तीसच्या आत असेल तर बरं. सलग दोन-तीन वेळा तीसच्या वर भरलं, तर वाट बघू नका, डॉक्टरकडे न्या. मी रोज रात्री मोजतो. काल बावीस होते. डायरी ठेवली आहे, पासबुकासारखी, नोंद चुकत नाही. मोठ्या जातीवाल्यांना एक सांगतो, डॉबरमनसारख्यांत मर्मर नसतानाही हृदय बिघडतं, म्हणून "आवाज नाही" यावर निर्धास्त राहू नका, चक्कर आली तर ईसीजी करून घ्या.

निवेदन लिहून झालंय, दीड पान आहे. रविवारी संध्याकाळी सहा ते आठ मी आणि चिकू स्टेशनसमोर असू, सही करून जा. कोणाच्या जनावराची मर्मरची चिठ्ठी असेल तर नाव झाकून झेरॉक्स आणा, निवेदनाला जोडायची आहे. दवाखान्याची नावं कमेंटमध्ये टाकू नका, टाकलीत तर मी काढून टाकीन. आणि हो, चिकूचे दात साफ झाले, ऑगस्टमध्ये.