मॉडेल बंद, छंद चालू!

‘हे मॉडेल आता येत नाही.’ दुकानदार हे वाक्य अगदी सहज बोलतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतोसुद्धा. ऐकणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो. ज्यांच्या मनगटावर एचएमटीचं चावीचं घड्याळ होतं किंवा दारात अँबेसेडर उभी होती, त्यांना हा गोळा चांगला ठाऊक आहे. अँबेसेडरचं उत्पादन २०१४मध्ये थांबलं. एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळं लावायचा निर्णय २०१६मध्ये झाला. म्हणून काही घरातली वस्तू त्याच दिवशी बंद पडत नाही. घड्याळाची टिकटिक चालू राहते, गाडीही धावत राहते. पण त्या दिवसापासून मालकाच्या मनात एक प्रश्न कायमचा मुक्कामाला येतो: आता हिचं काही बिघडलं तर?

आजची गोष्ट मात्र घड्याळाची नाही आणि मोटारीचीही नाही. ती आहे एका करवतीची आणि तिच्यावर जीव लावणाऱ्या अमेरिकेतल्या हौशी सुतारांची.

तुम्ही म्हणाल, सुतारकामाची कसली आलीय हौस? आपल्याकडे कपाट करायचं म्हटलं की मिस्त्रीला निरोप धाडायचा, चहा पाजायचा आणि काम कधी संपतंय याची वाट बघत बसायचं! अमेरिकेत कारागिराची मजुरी सामान्य नोकरदाराला सहज परवडत नाही. घरं बहुतांशी लाकडी, त्यामुळे दुरुस्तीची कामं सतत निघतात. आणि बऱ्याच घरांना मोटारीसाठी गॅरेज असतं. मग मोटार बाहेर उभी राहते आणि गॅरेजचा होतो कारखाना! आठवडाभर बँकेत आकडेमोड करणारा गृहस्थ शनिवारी सकाळी डोळ्यांवर चष्मा चढवून फळ्या कापत उभा असतो. आधी पुस्तकांची मांडणी, मग लेकीसाठी पलंग, मग बायकोसाठी स्वयंपाकघरातली कपाटं. तिथल्या मराठी मंडळींनाही या गॅरेजची मोठी सोय. गणपतीचं मखर म्हणा, हौशी नाटकाचा सेट म्हणा, कुणाच्या तरी गॅरेजमध्येच तो उभा राहतो.

या हौसेला मोठं खतपाणी घातलं टीव्हीने. ‘द न्यू यांकी वर्कशॉप’ नावाचा कार्यक्रम तिथल्या पीबीएस वाहिन्यांवर १९८९पासून २००९पर्यंत तब्बल वीस वर्षं चालला. चौकड्यांचा शर्ट घातलेले नॉर्म अब्राम हे सुतार त्यात एकेक फर्निचर करून दाखवायचे आणि डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा लावा, याची आठवण करून द्यायला विसरायचे नाहीत. ते बघून कितीतरी लोकांचे हात शिवशिवायला लागले. पण अब्राम यांच्या कार्यशाळेतली यंत्रं सामान्य माणसाने घ्यायची कशी?

त्या यंत्रांतलं मुख्य यंत्र म्हणजे टेबल सॉ. आपण हातकरवत चालवतो तेव्हा लाकूड जागेवर असतं आणि करवत पुढेमागे जाते. इथे सगळं उलटं. टेबलाच्या मधोमध फट असते, फटीतून गोल दातेरी पातं वर आलेलं असतं आणि ते जागच्या जागी गरगर फिरतं. लाकूड आपण त्याच्याकडे ढकलत न्यायचं. वखारीतल्या मोठ्या गोल करवतीचं हे धाकटं भावंडच म्हणा ना! पात्याला समांतर अशी एक सरकती पट्टी असते, तिला म्हणतात फेन्स. लाकूड या पट्टीला टेकवून ढकलायचं म्हणजे काप सरळ येतो. टेबल सॉची सगळी पुण्याई या पट्टीत. ती किंचित तिरकी बसली तरी खण कपाटात बसत नाही. शिवाय पट्टी आणि पातं यांच्यामध्ये लाकूड चेपलं गेलं, तर ते गोफणीतल्या दगडासारखं उलट माणसाच्या अंगावर येतं.

आता प्रश्न पैशांचा. डेल्टा कंपनीची युनिसॉ ही १९३९ सालापासूनची नामांकित करवत. ओतीव लोखंडाचं जडशीळ टेबल आणि अचूक काम. पण किंमत हजार डॉलरच्या वर. दुसऱ्या टोकाला स्वस्तातल्या करवती. त्या खिशाला परवडायच्या, पण अनेकींची पट्टी दर वेळी नव्याने जुळवत बसायची. म्हणजे घेतली तरी पंचाईत, न घेतली तरी पंचाईत!

या दोन टोकांच्या मध्ये येऊन बसली रायोबी कंपनीची बीटी ३०००. ही कंपनी मूळची जपानची, हिरोशिमा प्रांतात १९४३मध्ये सुरू झालेली. धंदा धातूचे ओतीव भाग बनवण्याचा. त्यामुळे अॅल्युमिनियम कसं ओतायचं आणि कसं हलकं ठेवायचं हे तिला नीट माहीत होतं. १९९०च्या दशकात बीटी ३००० अमेरिकेत खपू लागली आणि पुढे तिची सुधारित बहीण आली, बीटी ३१००. किंमत साधारण तीनशे डॉलर. टेबल अॅल्युमिनियमचं, त्यामुळे एकट्यादुकट्याला हलवता येण्याजोगं. फेन्स पुढच्या आणि मागच्या दोन्ही टोकांना घट्ट बसणारी. आडवे काप घेण्यासाठी एक सरकता भाग सोबतच मिळायचा, असा भाग एरवी महागड्या यंत्रांवर असे. उणिवा नव्हत्या असं नाही. मोटारीचा आवाज कानठळ्या बसवणारा. इतर करवतींच्या टेबलावर ज्या ठराविक खाचा असतात त्या इथे नाहीत, त्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागे. पण तीनशे डॉलरमध्ये इतकी अचूकता! हौशी मंडळींनी हिला डोक्यावर घेतलं नसतं तरच नवल.

आणि मग २००० सालचं दशक सरता सरता ती दुकानांतून दिसेनाशी झाली. रायोबीचा अमेरिकेतला यंत्रांचा धंदा २०००मध्येच हाँगकाँगच्या टेकट्रॉनिक इंडस्ट्रीज कंपनीकडे गेला होता. कंपनीचा हिशेब आणि ग्राहकाचा जिव्हाळा यांची वही एक नसते. साचे जुने होतात, सुटे भाग वर्षानुवर्षं गोदामात ठेवायचे तर भाडं लागतं आणि दुकानातल्या फळीवर जागा मिळवायची तर दरसाल काही नवं दाखवावं लागतं. घडी घालून गाडीत टाकता येणाऱ्या छोट्या करवतींची चलती झाल्यावर मधल्या आकाराच्या, मधल्या किमतीच्या यंत्रांची जागा आकसली. यात कुणी कुणाचा दुष्टावा केला नाही. पण ज्याच्या गॅरेजमध्ये ती करवत उभी आहे, त्याला या हिशेबाचं काय?

त्याने काय करावं? इथे शहाण्या मालकांनी एक साधी गोष्ट केली. आपल्या यंत्राचे त्यांनी मनातल्या मनात तीन वाटे केले.

पहिला वाटा, कुठेही मिळणाऱ्या वस्तूंचा. या करवतीला दहा इंची पातं लागतं, ते सगळ्या बाजाराचं ठरलेलं माप. त्यामुळे कंपनी राहो न राहो, पात्यांना मरण नाही. बेअरिंगवर नंबर असतो, तो दाखवला की दुसऱ्या कंपनीचं मिळतं. मोटारीतले कार्बन ब्रश मापाने जुळवता येतात. यासाठी झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

दुसरा वाटा, फक्त याच यंत्राच्या खास भागांचा. मोटार आणि पातं यांना जोडणारे छोटे पट्टे, फटीभोवतीची झाकणपट्टी, फेन्सचे खटके. हे झिजतात, तुटतात आणि दुसऱ्या कशाचे चालत नाहीत. म्हणून मिळतात तोवरच घेऊन ठेवायचे. काहींनी तर बंद पडलेली दुसरी बीटी मातीमोल भावात घरी आणली, केवळ तिचे अवयव उपयोगी पडावेत म्हणून! पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात फेरफटका मारणाऱ्यांना ही विद्या नवी नाही. कंपनीच्या यादीतून गेलेल्या वस्तू तिथेच पुन्हा भेटतात.

तिसरा वाटा सर्वांत महत्त्वाचा आणि इथे जुगाड चालत नाही. पात्यावरचं संरक्षक कवच, यंत्र बंद करायचं बटण आणि पात्याच्या मागे उभी असलेली पातळ धातूची पट्टी. कापलेली फट मिटून लाकडाने पातं आवळू नये म्हणून ती पट्टी असते. मधल्या खाचेचं काम करताना कवच काढलं, मग हरवलं, मग ‘चालतंय की’ म्हणत तसंच काम सुरू ठेवलं, असं फार होतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन वर्षाला सुमारे ३० हजार जण तिथल्या रुग्णालयांत उपचारांसाठी जातात. त्यांतल्या काही हजारांची बोटं तुटलेली असतात. छंदासाठी एवढी किंमत कुणी मोजू नये.

याच जागी गोष्टीला दुसरं वळण मिळतं. स्टीव्हन गॅस हे भौतिकशास्त्र शिकलेले पेटंट वकील आणि स्वतः हौशी सुतार. १९९९मध्ये त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. पात्यामध्ये बारीकसा विद्युत संकेत खेळवायचा. लाकूड लागलं तर संकेत तसाच राहतो, माणसाची कातडी लागली तर तो बदलतो. तो बदलला की अॅल्युमिनियमचा ठोकळा उसळून पात्याच्या दातांत रुततो आणि पातं पाच मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्याही आत, थांबतं. प्रात्यक्षिकासाठी ते बोटाच्या जागी सॉसेज वापरायचे आणि सॉसेजला जेमतेम ओरखडा उठायचा! मोठ्या कंपन्यांनी हे तंत्र घेतलं नाही, तेव्हा त्यांनी ‘सॉस्टॉप’ नावाने स्वतःच्याच करवती काढल्या. २००४मध्ये त्या विक्रीला आल्या. बॉश कंपनीने २०१५मध्ये तशाच हेतूची करवत जाहीर केली, पण पेटंटच्या वादात २०१७मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने तिच्या आयातीला मनाई केली.

सॉस्टॉपच्या पहिल्या करवतीची किंमत होती दोन हजार डॉलरच्या वर. आता बघा गंमत. असं तंत्र सगळ्याच करवतींवर सक्तीचं करावं, असा अर्ज २००३मध्येच सुरक्षा आयोगाकडे गेला. त्यावर वर्षानुवर्षं खल चालला. यंत्र बनवणाऱ्यांचा एक मुख्य आक्षेप होता, किमती वाढतील आणि स्वस्त करवती बाजारातून जातील. म्हणजे तीनशे डॉलरची करवत हा काही थोड्या हौशी माणसांचा हळवा विषय राहिला नाही. एकीकडे खिसा आणि दुसरीकडे बोटं, असा तो सरळ हिशेब झाला.

मला वाटतं, दोन्ही बाजूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मधली, बऱ्यापैकी वस्तू बाजारातून गेली म्हणून नवशिका माणूस दोन हजार डॉलर काढून देत नाही. तो एकतर कुणाचीतरी तीस वर्षांपूर्वीची कवच हरवलेली करवत उचलतो, नाहीतर छंदच सोडून देतो. पहिल्यात त्याची बोटं जातात, दुसऱ्यात त्याचे हात रिकामे राहतात. कुठल्याही कलेच्या घराला एक छोटा दरवाजा लागतो, ज्यातून साध्या पगाराचा माणूस आत येऊ शकेल. बीटी ३१०० हा तसा दरवाजा होता. असे दरवाजे बंद होत गेले तर कलेचं घर फक्त पैसेवाल्यांचं होऊन बसतं.

हे सारं आपल्या घरालाही लागू आहे. शिवणयंत्र असो, मिक्सर असो की पिठाची घरगुती चक्की, घेताना आपण किंमत विचारतो, रंग बघतो, वॉरंटी विचारतो. ‘याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील?’ हे किती जण विचारतात? विचारायला हवं. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांवर तिने लक्ष दिलं. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करता येणं हा मेहेरबानीचा नाही, हक्काचा विषय आहे, हे निदान सरकारदरबारी मान्य होऊ लागलं आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? माहितीपुस्तिका फेकू नका, मॉडेल नंबर त्यावर असतो. लवकर झिजणारे दोनतीन भाग आधीच आणून डब्यात घाला आणि डब्यावर नाव लिहा. जुळवता येणारे भाग खुशाल जुळवा. पण जीव सांभाळणारा भाग मोडला आणि तो तसाच मिळत नसेल, तर त्या यंत्राला प्रेमाने निरोप द्या. जुनं ते सोनं खरं, पण बोटांपेक्षा महाग सोनं अजून निघायचं आहे!

आणि एक लक्षात ठेवा मंडळी. कंपनी साचा मोडू शकते, यादीतलं नाव खोडू शकते. पण त्या करवतीवर ज्याने पहिला सरळ काप घ्यायला शिकलं, त्याचं शिकणं तिच्या यादीत कधी नव्हतंच. पुढच्या पिढीतल्या कुणाला तरी शेजारी उभं करून ते शिकवलं, की मॉडेल बंद झालं तरी छंद चालू राहतो.