टोळी, मोजमाप आणि दिव्यांग मजूर

दिव्यांगांच्या रोजगाराची चर्चा महाराष्ट्रात बहुधा सरकारी नोकरीतील राखीव जागांपाशी येऊन थांबते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याने सरकारी आस्थापनांत किमान 4 टक्के जागा राखल्या आणि दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 वर नेले, हे महत्त्वाचे खरे. परंतु परभणी तालुक्यातील पेडगावसारख्या शेतीवर जगणाऱ्या गावात कामाची जागा म्हणजे बहुतेकांच्या लेखी शेताचा बांध, पाणंद रस्ता किंवा रोजगार हमीचे मातीकाम असते.

या अधिनियमातील सर्वांत मोलाची कल्पना ‘वाजवी सोय’ ही होय. मालकावर अवाजवी भार न टाकता कामाची रीत, वेळ वा साधने अशी बदलणे, की त्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे, असा तिचा आशय आहे. रोजगार हमीला ती अपरिचित नाही, कारण केंद्राच्या 2005 च्या कायद्याखालील मार्गदर्शक सूचनांनी दिव्यांगांना मेट म्हणून, म्हणजे हजेरी घेणारा व कामावर देखरेख ठेवणारा मुकादम म्हणून, तसेच पाणी पाजण्याच्या आणि मुले सांभाळण्याच्या कामांवर प्राधान्य द्यावे, असे सांगितले होते. बारावी शिकलेल्या तरुणालाही पाण्याच्या घागरीपाशीच बसवले, तर त्याला सोय म्हणवत नाही; ती बोळवण ठरते.

खरी अडचण मजुरीच्या हिशेबात आहे. मातीकामाची मजुरी खोदलेल्या मातीच्या घनमीटरमधील मोजमापावर ठरते आणि मोजमाप पुष्कळदा टोळीचे एकत्रित होते, त्यामुळे पायाने अधू असलेला मजूर टोळीत आला की आपला रोज घटेल अशी धास्ती इतरांना वाटते. या धास्तीला निर्दयपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल; तिचे मूळ दरपत्रकात आहे आणि दिव्यांगांच्या कामाला वेगळा दर लावल्याखेरीज टोळीला उपदेश करून काही साधणार नाही.

काही गोष्टी मात्र गावालाही करता येतात. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चावेत असा राज्याचा दंडक आहे. त्यातून चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचा, तर त्याची लांबी उंचीच्या बारापट हवी, म्हणजे 2 फूट उंच ओट्याला 24 फुटांचा उतार लागतो. तो 6 फुटांत उरकून नियम पाळल्याची नोंद करणे म्हणजे वेड पांघरून पेडगावला जाणे होय, मग म्हणीतले पेडगाव दुसऱ्या जिल्ह्यातले का असेना. पुऱ्या लांबीच्या उताराची मागणी ग्रामसभेत रेटता येते; दरपत्रकाची दुरुस्ती मात्र गावाच्या हाती नाही, ती शासनालाच करावी लागेल.