जुनं घर घ्या, पण पावसाळ्यात पाहून

भोपाळच्या मराठी घरांत नव्या जोडप्याच्या घराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "जुनं घर कशाला घेता? जन्मभर डागडुजी करत बसाल." सांगणारे काका-मामा आपल्या भल्यासाठीच सांगतात, त्यांचा अनुभवही खोटा नसतो. तरी हा सल्ला चुकीचा आहे. तो ऐकून कित्येक जण शहराबाहेरच्या, अजून उभ्याही न राहिलेल्या घराचे हप्ते भरताहेत आणि वर भाडंही मोजताहेत. म्हणून हे लिहिते आहे.

मी साकेत नगरात राहते, तीस वर्षं जुन्या घरात. ही वस्ती कशी भरली हे समजलं तर इथली घरं आज विकायला का निघताहेत तेही कळेल. 1 नोव्हेंबर 1956 ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि नागपूरच्या सचिवालयातली मराठी कुटुंबं बिऱ्हाडं घेऊन इकडे आली, ती टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत. पाठोपाठ 'हेवी इलेक्ट्रिकल्स'चा कारखाना आला, पिपलानी-बरखेडाची टाउनशिप उभी राहिली. क्वार्टर निवृत्तीपर्यंतच आपलं. मग फंडाच्या पैशातून आसपासच्या वसाहतींत लोकांनी आपापली घरं बांधली. ते बांधणारे आता थकले किंवा गेले. मुलं पुण्यात, बेंगळुरूत, परदेशात. वरचा मजला बंद, अंगणात आंबा, आणि फाटकावर 'मकान बिकाऊ है'ची पाटी.

आता आक्षेप बघू. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप खर्चाचा : जुन्या घरात काय निघेल सांगता येत नाही. मला वाटतं, खरं नेमकं उलट आहे. काय निघेल हे सांगता येत नाही ते नव्या घराचं. तीस पावसाळे झेललेल्या घराला जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं आणि ते भिंतींवर दिसतं. भोपाळच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, मे महिन्यात आक्रसते, आणि पाया उथळ असेल तर भिंतीला पायऱ्या-पायऱ्यांची तड जाते. नव्या घराला अशी तड जाईल की नाही हे आज कुणीच सांगू शकत नाही. जुन्या घरातली तड मात्र तपासता येते : तिच्यावर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पट्टा लावा आणि एक मोसम थांबा. पट्टा अभंग राहिला तर पाया बसलेला आहे. चिरला तर ते घर सोडा.

"पण नव्या घराला रेराचं संरक्षण आहे ना?" आहे, आणि तो कायदा चांगला आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरनं दुरुस्त करून द्यायचा असतो. पण स्लॅबमधली सळई गंजून फुगायला आणि पोपडे पडायला बहुधा पाचाहून कितीतरी जास्त वर्षं लागतात. तोवर संरक्षण संपलेलं असतं. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर 1 टक्का. राहत्या जुन्या घरावर तो नाही.

आमचं घर मी पहिल्यांदा पाहिलं ते ऑगस्टमध्ये, भर पावसात. मागच्या खोलीत कोपऱ्यात पितळी पातेलं ठेवलेलं होतं आणि त्यात टपटप चालू होती. मी घरमालकीणबाईंना विचारलं, "आजी, हे गळतं कधीपासून?" त्या म्हणाल्या, "चार पावसाळे झाले गं बाई. ह्यांच्या माघारी गच्चीचा कोबा करायचा राहिला." दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना घेऊन गेले. ते स्टुलावर चढून हातोडीच्या मागच्या टोकानं छत ठोकत गेले. ठण, ठण, ठण, आणि कोपऱ्यापाशी आल्यावर आवाज एकदम भद्द. "यहाँ प्लास्टर ने स्लैब छोड़ दिया है," म्हणाले. त्यांनी तिथेच हातभर प्लास्टर उतरवलं. आतली सळई तांबूस झाली होती, पण जाडी शाबूत. कोबा, तेवढ्या भागाचं प्लास्टर, गंजलेले जीआयचे पाइप आणि सगळी वायरिंग, असा खर्च कागदावर मांडला आणि आजींसमोर ठेवला. त्यांनी तो किमतीतून वजा केला. तेच घर मी दिवाळीत पाहिलं असतं तर नव्या चुन्याखाली मला काय दिसलं असतं?

दुसरा आक्षेप : बँक कर्ज देत नाही. देते. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या 90 टक्क्यांची रिझर्व्ह बँकेनं घातलेली मर्यादा जुन्या-नव्या घरांना सारखीच आहे. मूल्यांकन करणारा इंजिनिअर इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहितो, त्यावर मुदत ठरते. अडचण वेगळीच असते : रजिस्ट्रीचा आणि दुरुस्तीचा पैसा हातात लागतो. तो आधी बाजूला काढा, मग घराची किंमत बोला.

तिसरा आक्षेप कागदांचा, आणि इथे मी विरोधकांच्या बाजूची आहे. मुख्त्यारपत्रावर 'विकलेलं' घर घेऊ नका. त्यानं मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे. जागा लीजवर असेल तर मुदत आणि थकबाकी बघा. मालक वारले असतील तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, अमेरिकेतल्या मुलीचीसुद्धा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, नगर निगमातलं नामांतरण तपासा. पण ही कारणं वाईट कागदांचं घर नाकारायची आहेत. जुनं घर नाकारायची नाहीत.

जुनं घर नाकारायचं नसतं, तपासून घ्यायचं असतं, हे बर्फाच्या गावांतले लोक आपल्याहून चांगलं जाणतात. अमेरिकेत बफेलो, सिराक्यूजसारख्या शहरांत शंभर वर्षांची लाकडी घरं सर्रास विकली जातात. घेणारा छप्पर, तळघर आणि घर तापवायची भट्टी तपासनीसाकडून बघून घेतो, आणि 1978 आधीचं घर असेल तर शिशाच्या रंगाबद्दल माहीत असेल ते विकणाऱ्यानं सांगणं तिथे कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडेही 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 55 वं कलम सांगतं की साध्या काळजीनं न दिसणारा, पण विकणाऱ्याला ठाऊक असलेला मोठा दोष त्यानं उघड केलाच पाहिजे. ते कलम कुणी विचारत नाही, एवढंच.

चौथं मत आजकाल फार ऐकू येतं : प्लॉटसाठी घ्या आणि पाडून टाका. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं. या घरांच्या भिंती नऊ इंची विटांच्या आहेत. एप्रिलच्या दुपारी बाहेर ऊन भाजत असताना माझ्या मधल्या खोलीत पंख्यावर भागतं. अशा भिंतींवर आणखी मजले चढवायचे असतील तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय वीटही ठेवू नये, हे खरं. पण चार माणसांच्या कुटुंबाला आहे ते पुरतं.

आणि जागा! एम्स इथेच आहे, मेट्रोच्या ऑरेंज लाइनचं एक टोक एम्सपाशीच, राणी कमलापती स्टेशन जवळ. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांसाठी दाखवायचं असलं की आम्ही रिक्षानं दहा मिनिटांत पोचतो. घराची इमारत वर्षागणिक झिजते, पण जमीन झिजत नाही. फ्लॅटमध्ये तुमच्या वाट्याला जमिनीचा अविभक्त हिस्सा येतो. इथे अंगणासकट ती तुमची असते.

तेव्हा घर शोधत असाल तर जुलैपर्यंत थांबा. तीन दिवस झड लागली की चौथ्या दिवशी छत्री, टॉर्च आणि हातोडी घेऊन एक भरवशाचा मिस्त्री बरोबर घ्या, आणि पाटी लावलेल्या फाटकाची कडी वाजवा.