परक्या मुलखातला फोन

परदेशात परकेपणा सगळ्यात जास्त कुठे जाणवायचा, असे मला कुणी विचारले तर मी सांगेन, रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनसमोर. 'सुखरूप पोहोचलो' एवढेच घरी कळवायचे असे, पण यंत्र आधी माणसाची परीक्षा घेई.

अमेरिकेचेच पाहा. तिथला फोन नाणी मागे: निकल, डाइम, क्वार्टर. डाइम दहा सेंटचे, पण आकाराने पाच सेंटच्या निकलपेक्षा लहान. त्यावर 10 हा आकडा नाही. इंग्रजी अक्षरांत 'वन डाइम'. नवख्याने ओळखायचे कसे? भारतात बोलायचे तर खिसाभर नाणी हवीत. म्हणून मी कार्ड घेतले. आधी त्यावरचा मोफत क्रमांक, मग लांबलचक पिन, मग 011, मग 91, मग गावचा कोड. मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. 1997 पासून तिथे अशा कॉलबद्दल फोनमालकाला मोबदला मिळू लागला आणि कार्डवाल्यांनी तो ग्राहकाच्या माथी मारला. अम्मीचा आवाज कानी पडेपर्यंत कार्डातले पैसे कमी झालेले असत.

अशा वेळी आपला एसटीडी-पीसीओ आठवे. आधी बोला, मग पैसे द्या. मीटर डोळ्यासमोर, बिल हातात. नंबर लागत नसेल तर बूथवाला स्वतः लावून देई. तंत्रज्ञानात आपण अमेरिकेच्या पुढे होतो असे मुळीच नाही. पण आपल्या बूथमध्ये माणूस होता. तिथले यंत्र स्थानिकांसाठी बनले होते, त्यात मुसाफिराचा हिशेबच नव्हता.

न्यूयॉर्क शहराने मे 2022 मध्ये आपला शेवटचा पेफोन काढला. प्रश्न मात्र संपला नाही. आज आपल्याकडेच मोफत वायफायसाठी अनेक ठिकाणी मोबाइलवर ओटीपी मागतात. ज्याचे सिम इथे चालत नाही, त्या पाहुण्याने काय करावे? तेव्हा आपण जे भोगले, तेच आता दुसऱ्यांना भोगायला लावतो आहोत.

ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा कंपनीने ऑगस्ट 2021 पासून सार्वजनिक फोनवरून देशांतर्गत कॉल मोफत केले. मोबाइलच्या जमान्यातही अडलेला माणूस असतो, हे त्यांनी ओळखले. आपल्या विमानतळांवर, मोठ्या स्थानकांवर किमान एक खिडकी अशी हवी, जिथे ना सिम लागेल ना ओटीपी, आणि पलीकडे मदतीला माणूस असेल. खर्च फार नाही. घरी वाट पाहणाऱ्या आईचा जीव मात्र भांड्यात पडेल, मग ती कुठल्याही देशाची असो.