जुना कोड आणि तपासायच्या वह्या

गेल्या रविवारी नातू हिंजवडीहून जेवायला आला होता. दुसरी पुरणपोळी नको म्हणाला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय. मग हळूहळू बोलता झाला. "आजी, माझ्याबरोबरचे सगळे काहीतरी नवीन बनवतात. मी मात्र माझ्या जन्माआधीचा कोबॉल कोड दुरुस्त करत बसतो. नोकरी सोडावी म्हणतो."

कोबॉल हा शब्द आमच्या घरी नवा नाही. त्याचे बाबा १९९८ साली वायटूकेच्या कामासाठी अमेरिकेला गेले ते याच भाषेच्या जोरावर. जुन्या प्रोग्राममध्ये जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. २००० साल उजाडलं की कॉम्प्युटर ते १९०० समजेल, ही धास्ती होती. ही भाषा १९५९ सालची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची!

मी मराठीची बी.ए., मला यातलं काय कळणार? पण त्याने लॅपटॉपवर दाखवलं आणि मी चकितच झाले. चक्क समास सोडून लिहिलेलं! पूर्वी प्रोग्राम ऐंशी रकान्यांच्या पंचकार्डांवर असत. पहिले सहा रकाने ओळीच्या क्रमांकाला, सातव्यात तारा काढला की ती ओळ नुसती टीप, खरा मजकूर आठव्यापासून. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम. जर-तरच्या वाक्यात तो एक ओळ आधी पडला, तर पुढची ओळ अटीच्या बाहेर जाते. प्रोग्राम बिनतक्रार चालतो, उत्तर मात्र चुकतं. विरामचिन्हांसाठी जन्मभर मुलांच्या मागे लागलेल्या बाईला आणखी काय हवं!

माझं मत असं, की दुसऱ्याचं लिहिलेलं वाचून, बाकी काही न बिघडवता दुरुस्त करणं हे नवं लिहिण्याइतकंच अवघड आहे. निबंध तपासताना सगळं खोडून आपलं लिहायला अक्कल लागत नाही. मुलाला काय म्हणायचं होतं ते ओळखून एकच शब्द बदलायला लागते.

आणि हे काम चुकलं की भोगतो कोण? काही वर्षांपूर्वी नवी प्रणाली आली आणि माझं पेन्शन दोन महिने अडकलं. सेवापुस्तकात माहेरचं नाव, खात्यावर सासरचं. जुन्या व्यवस्थेत त्याची सोय होती, नव्यात ती उतरवायची राहिली. ते दोन महिने औषधांसाठी मुलाकडे हात पसरावा लागला, हे मी विसरलेले नाही. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे न्यू जर्सीत बेकारभत्त्याच्या अर्जांची रीघ लागली, तेव्हा गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबॉल जाणणाऱ्यांना मदतीसाठी जाहीर हाक द्यावी लागली होती.

नातवाची तक्रार खोटी नाही. पगारवाढीच्या वेळी नवं बनवणाऱ्याचं नाव पुढे येतं, जुनं चालू ठेवणाऱ्याचं नाही. यात दोष कामाचा नाही, ते मोजणाऱ्यांचा आहे. आता एआय जुना कोड नव्या भाषेत करून देतं म्हणतात. देईलही. पण एखादा नियम कुणासाठी, कशामुळे घातला, हे कुठेच लिहिलेलं नसेल तर ते तरी कुठून आणणार?

म्हणून त्याला म्हटलं, "बाळा, नवीन भाषा जरूर शिक, नोकरी बदलायची तर बदल. पण जायच्या आधी तुला समजलेल्या प्रत्येक नियमावर तारा काढून 'का' ते लिहून ठेव. तुझ्यानंतर येणाऱ्या पोराची सोय होईल, आणि माझ्यासारख्या कुणा म्हातारीचीही."

त्याने अजून काही ठरवलेलं नाही. काल फोनवर एवढंच म्हणाला, "आजी, आज अकरा टिपा लिहिल्या."

शुद्धलेखन तपासायला पाठव म्हटलं, तर हसायला लागला. असो.