अखत्यारीबाहेरचे पादचारी

मा. साहेब,

पाकिटावर हुद्दा मुद्दाम घातलेला नाही. मागची तीन पत्रे ‘सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही’ असा शेरा घेऊन परत आली. फुटपाथ एकाचा, त्यावरची विजेची डीपी दुसऱ्याची, शेजारचा चर तिसऱ्याचा. तेव्हा पुण्यात स्वारगेटच्या पादचाऱ्याचे पाऊल ज्यांच्या हद्दीत पडत असेल, त्यांनी हे पत्र आपलेच समजावे. विषय तोच: इथले फुटपाथ.

देशातली पहिली बीआरटी बस डिसेंबर 2006 मध्ये इथूनच कात्रजकडे धावली. 29 सप्टेंबर 2024 ला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि त्याच दिवशी कात्रजपर्यंतच्या पुढच्या 5.46 किलोमीटरचे भूमिपूजन झाले, 2,955 कोटींचे. आनंद आहे. पण सरकत्या जिन्याने वर आलेला माणूस पुढे जातो कसा? साताऱ्याच्या एसटीतून उतरलेली बाई एका हातात पिशवी धरते, दुसरा हात पंजा उघडून वाहनांपुढे करते आणि जेधे चौकात उतरते. एसटीची ‘हात दाखवा, बस थांबवा’ योजना आम्ही पायी चालवतो आहोत.

नियम नाहीत असे तरी कसे म्हणू? इंडियन रोड्स काँग्रेसने 2012 मध्येच लिहून ठेवले आहे: चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी, बाजारपेठेत 2.5, उंची 15 सेंटिमीटरच्या आत. पुण्याचे स्वतःचे पादचारी धोरण 2016 चे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ थेट जगण्याच्या हक्कात, कलम 21 मध्ये बसवला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो अजून डीपीच्या मागे बसलेला आहे. आजीला फुटपाथवर चढवायला दोघे लागतात, एक ओढायला, एक आधाराला. दुचाक्या येऊ नयेत म्हणून खांब रोवले. त्यातला एक कुणीतरी उपटला, आता दुचाक्या सुखाने जातात आणि व्हीलचेअर उरलेल्या दोघांत अडकते. हे कागदावर आखणाऱ्याने तिथे एकदा तरी उभे राहून पाहिले होते का?

मुकुंदनगर, गुलटेकडीतल्या लोकांना विचारले असते तर एका संध्याकाळी नकाशा झाला असता. कुठे चढण सोसत नाही, कुठला दिवा बंद, शाळकरी पोरे नेमकी कुठून रस्ता ओलांडतात, हे भाजीवालीलाही पाठ आहे. अशा लोकांना विचारण्यासाठीच 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आली. आमच्या भागात ती भरल्याचे मला तरी आठवत नाही. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले, त्या काळात तर विचारायचे कोणाला हेही कळेना.

मागणी एवढीच: पुढची निविदा निघण्याआधी क्षेत्रसभा बोलवा, आराखडा भिंतीवर लावा आणि लोकांनी त्यावर मारलेल्या खुणा निविदेत उतरवा. नाहीतर फुटपाथवर ‘चालणे आपल्या जबाबदारीवर’ अशी पाटी तरी लावा. तेवढी रुंदी शिल्लक आहे.

आपला, अजून तरी धडधाकट,
मुकुंदनगरचा एक पादचारी

ता. क. फरश्या पुन्हा उखडल्या आहेत. नुसता रंगच बदलायचा असेल तर राहू द्या, जुन्या पायाखाली बसल्या होत्या.